नागपूरचे सीके इंदूरला गेले आणि एका संस्थानाच्या टीमने मुंबईलाही घाम फोडला

एप्रिल २०२५. बातमी आली की यशस्वी जयस्वाल मुंबईची टीम सोडून गोव्याकडून खेळणार. झालं, पुढचे काही दिवस सोशल मीडियावर दुसरा विषयच नव्हता. तो का चाललाय, कुणावर नाराज आहे, गोव्यात त्याला काय मिळणार, यावर ज्याला त्याला काहीतरी माहीत होतं. मग काही आठवड्यांतच जयस्वालने आपला अर्ज मागे घेतला आणि तो मुंबईतच राहिला.

पण त्याच वर्षी पृथ्वी शॉ खरोखरच मुंबई सोडून महाराष्ट्राच्या टीममध्ये आला. जितेश शर्मा विदर्भातून बडोद्याला गेला.

अशा बातम्या आल्या की एक वाक्य हमखास ऐकू येतं. पूर्वीचे खेळाडू असे नव्हते, ते आपल्या मातीशी इमान राखून खेळायचे.

तर आजची गोष्ट अशा खेळाडूची, ज्याला भारतीय क्रिकेटचा पहिला सुपरस्टार म्हणतात. भारताचा पहिला टेस्ट कप्तान. ज्याच्या नावाने आज बीसीसीआयची स्पर्धा चालते आणि जीवनगौरव पुरस्कार दिला जातो. हा माणूस जन्मला नागपुरात, मोठा झाला मुंबईच्या मैदानावर, नोकरी केली इंदूरला, आणि उतारवयात आंध्र आणि उत्तर प्रदेशकडूनही खेळला.

कर्नल कोट्टारी कनकय्या नायडू. म्हणजे आपले सीके.

पण सीकेंकडे जाण्याआधी एक साधा प्रश्न. छत्रपती संभाजीनगरचा एखादा पोरगा चांगलं क्रिकेट खेळत असेल, तर तो रणजीमध्ये कुठल्या टीमकडून खेळणार?

उत्तर सोपं आहे, महाराष्ट्राकडून. या टीमचा कारभार पुण्यातून चालतो. आपल्या पैठणला जन्मलेला अंकित बावणे याच टीमकडून खेळला आणि तिचा कप्तानही झाला.

आता नागपूरचा पोरगा घ्या. तोही महाराष्ट्रातलाच, पण तो खेळणार विदर्भाकडून. मुंबईचा पोरगा मुंबईकडून. एका राज्यात तीन टीम. त्यातही गंमत अशी की मुंबई आणि महाराष्ट्र पश्चिम विभागात मोडतात, तर विदर्भ मध्य विभागात. म्हणजे दुलीप ट्रॉफी विभागवार खेळली जाते तेव्हा संभाजीनगरचा आणि नागपूरचा खेळाडू एकमेकांच्या विरुद्ध बाजूला उभे राहू शकतात.

अजून मागे जा. १९४८ पर्यंत आपलं शहर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. त्या संस्थानाच्या नावाची टीम रणजीत दक्षिण विभागातून खेळायची. १९३७-३८ मध्ये तिने फायनलला नवानगरला एका विकेटने हरवून ट्रॉफीही जिंकली होती. १९५६ मध्ये राज्य पुनर्रचना झाली, हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. शहर जागचं हललं नाही, पण त्याचं राज्य बदललं.

थोडक्यात काय, तर खेळाडू टीम बदलतो तशी टीमही गट बदलते. कधी कधी तर टीमच्या पायाखालचं राज्यच बदलतं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत कॉलेजच्या टीमचं फुटबॉल आणि बास्केटबॉल म्हणजे आपल्या आयपीएलसारखा धंदा आहे. तिथे कॉलेजांच्या टीम वेगवेगळ्या गटांत खेळतात आणि कुठलं कॉलेज कुठल्या गटात जाणार याच्या अफवा वर्षभर चालू असतात. २०२४ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरचा पॅक-ट्वेल्व्ह हा शंभरेक वर्षांचा जुना गट जवळपास फुटला. त्यात दोनच कॉलेजं उरली. पॅसिफिक महासागराच्या कडेला असलेलं स्टॅनफर्ड विद्यापीठ चक्क अटलांटिक कोस्ट नावाच्या गटात जाऊन बसलं. कारण काय, तर टीव्ही हक्कांचा पैसा.

आपल्याकडे टीव्ही नव्हता तेव्हा हे काम राजेमहाराजे करायचे. आणि ते ज्याच्या आयुष्यात सगळ्यात स्पष्ट दिसतं, तो माणूस म्हणजे सीके.

तर सुरुवातीपासून बघू.

३१ ऑक्टोबर १८९५ ला सीकेंचा जन्म नागपुरात झाला. घर तेलुगू भाषिक, पण कुटुंब नागपूरचंच झालेलं. अंगापिंडाने उंचपुरे, ताठ, आणि हातात बॅट आली की बॉल मैदानाबाहेर घालवायची खोड लहानपणापासूनची.

पण त्या काळी नागपूरच्या पोराने कितीही चांगली बॅटिंग केली तरी ती दाखवायची कुठे? रणजी ट्रॉफी सुरू व्हायला अजून बराच अवकाश होता. भारताची टेस्ट टीम नव्हती. क्रिकेट बोर्डही नव्हतं.

देशभर ज्याची चर्चा व्हायची अशी एकच मोठी स्पर्धा होती, मुंबईची चौरंगी. त्यात टीम गावाच्या किंवा प्रांताच्या नव्हत्या, तर धर्माच्या होत्या. युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुस्लिम. म्हणजे नागपूरच्या सीकेंना मोठ्या मैदानावर उतरायचं असेल तर ते फक्त हिंदू टीममधून उतरू शकत होते.

१९१६ मध्ये त्यांना ती संधी मिळाली. समोर युरोपियन टीम. हिंदूंच्या ७९ धावांत ७ विकेट गेल्या होत्या. अशा वेळी एक नवखा पोरगा मैदानात आला. पहिले तीन बॉल त्याने शांतपणे अडवले. चौथा बॉल थेट सिक्स.

इथून पुढे सीके खेळणार म्हटलं की मुंबईची मैदानं भरू लागली.

या हिंदू टीममध्ये धर्माचं नाव एक असलं तरी आतमध्ये जातीच्या भिंती होत्याच. भारताचा त्या काळचा सगळ्यात मोठा बॉलर पाळवणकर बाळू दलित समाजातला. त्याला या टीमचं कप्तानपद कधीच मिळालं नाही. त्याचा भाऊ विठ्ठल याला ते मिळायला १९२३ साल उजाडलं, तेही बऱ्याच वादावादीनंतर. सीके हे सगळं जवळून बघत होते. टीममध्ये घेणं वेगळं आणि टीमची सूत्रं हातात देणं वेगळं, हा धडा पुढे त्यांनाही गिरवावा लागणार होता.

त्याच १९२३ साली सीकेंच्या आयुष्यात सगळ्यात मोठा बदल झाला. इंदूरच्या होळकरांनी त्यांना बोलावून घेतलं.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. त्या काळी क्रिकेट खेळून पोट भरत नव्हतं. मॅच फी, सेंट्रल काँट्रॅक्ट असला प्रकारच नव्हता. घरचे पैसेवाले असतील तर खेळा, नाहीतर नोकरी करा आणि सुट्टी मिळाली तर खेळा. तिसरा रस्ता एकच, एखाद्या संस्थानिकाचा आश्रय. पतियाळा, बडोदा, नवानगर, होळकर अशा अनेक संस्थानांना क्रिकेटचा शौक होता. राजा खेळाडूला आपल्या फौजेत किंवा दरबारात नोकरी द्यायचा. पगार नोकरीचा, काम क्रिकेटचं.

सीकेंना होळकरांच्या फौजेत कॅप्टनचा हुद्दा मिळाला. पुढे ते मेजर झाले आणि मग कर्नल. त्यांच्या नावामागे आज जे कर्नल लागतं ते ब्रिटिशांच्या फौजेचं नाही, इंदूरच्या होळकरांच्या फौजेचं आहे.

म्हणजे आजच्या भाषेत सीकेंनी टीम बदलली. नागपूर सोडलं आणि इंदूर गाठलं.

तसं बघायला गेलं तर इंदूर परकं नव्हतंच. मल्हारराव आणि अहिल्याबाईंच्या या संस्थानात मराठी घरं पिढ्यान् पिढ्या नांदत होती. आपल्या वेरूळच्या घृष्णेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धारही अहिल्याबाईंनीच केलेला. नागपूरच्या माणसाला इंदूर म्हणजे एका मराठी वळणाच्या शहरातून दुसऱ्या शहरात जाण्यासारखं होतं. फरक एवढाच की इंदुरात क्रिकेटला राजाचा खजिना होता.

नोकरीची चिंता मिटली आणि सीकेंची बॅट मोकळी झाली.

१ डिसेंबर १९२६. मुंबईचं जिमखाना मैदान. इंग्लंडहून आर्थर गिलिगनची एमसीसी टीम आली होती. तिच्याविरुद्ध हिंदू टीम खेळत होती. आदल्या दिवशी गाय अर्ल नावाच्या इंग्लिश बॅट्समनने ८ सिक्स ठोकून शतक केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सीके आले आणि त्यांनी अर्लला विसरायला लावलं. दोन तासही लागले नाहीत आणि १५३ धावा झाल्या. त्यात ११ सिक्स. त्या काळी एका डावात इतके सिक्स कुणी मारले नव्हते. बातमी शहरभर पसरत गेली तशी लोकं कामधंदा सोडून मैदानाकडे धावली, आजूबाजूच्या गच्च्यांवर आणि झाडांवर माणसं चढली. एमसीसीने त्यांना चांदीची बॅट भेट दिली.

त्या दौऱ्यात गिलिगनच्या लक्षात आलं की हिंदुस्थानची टीम टेस्ट खेळू शकते. त्याने इथल्या मंडळींना देशाचं एक बोर्ड काढायचा सल्ला दिला. दोन वर्षांनी, डिसेंबर १९२८ मध्ये बीसीसीआयची स्थापना झाली. ती एका डावामुळे झाली असं म्हणणं चुकीचं ठरेल, पण त्या डावाने इंग्रजांचं मत बदललं हे नक्की.

मग आलं १९३२. भारताची टीम पहिली टेस्ट खेळायला इंग्लंडला निघाली.

कप्तान कोण? सीके? नाही. कप्तान होते पोरबंदरचे महाराजा आणि उपकप्तान लिंबडीचे राजपुत्र. टीम गोऱ्यांच्या देशात चालली आहे, मेजवान्या होणार, भाषणं होणार, म्हणजे पुढे राजघराण्यातलाच माणूस हवा असा तेव्हाचा हिशोब होता. पोरबंदरच्या महाराजांकडे जेवढ्या रोल्स रॉइस होत्या तेवढ्या धावाही त्यांनी त्या दौऱ्यात केल्या नाहीत, असा विनोद पुढे बरीच वर्षं सांगितला जायचा.

पण महाराजांचा एक मोठेपणा मान्य करायला हवा. आपण त्या लायकीचे खेळाडू नाही हे त्यांनी ओळखलं आणि ते स्वतः बाजूला झाले. उपकप्तानाला दुखापत झालेली होती. २५ जून १९३२ ला लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या टेस्टमध्ये टॉसला गेले ते होळकरांच्या फौजेतले मेजर सी. के. नायडू. टीममधल्या काहींना हे रुचलं नव्हतं, पण महाराज आपल्या निर्णयावर ठाम राहिले.

मोहम्मद निसार आणि अमर सिंग यांनी पहिल्याच सकाळी इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ अशी करून टाकली. फिल्डिंग करताना हाताला लागलेलं असूनही सीकेंनी पहिल्या डावात भारताकडून सर्वाधिक ४० धावा केल्या. भारत १५८ धावांनी हरला, पण पहिलीच टेस्ट खेळणाऱ्या टीमने लाज राखली होती.

संपूर्ण दौऱ्यात सीकेंनी फर्स्ट क्लास सामन्यांत १,६१८ धावा केल्या आणि ३२ सिक्स मारले. त्यातला एक सिक्स आजही लोकं सांगतात. बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टन मैदानावर मारलेला तो बॉल मैदानालगतच्या नदीपलीकडे गेला. ती नदी म्हणजे दोन काउंटींची हद्द असं मानलं जायचं. त्यामुळे सीकेंनी एका काउंटीतला बॉल दुसऱ्या काउंटीत पाठवला, असा किस्सा तयार झाला.

१९३३ मध्ये विस्डेनने त्यांना वर्षातल्या पाच सर्वोत्तम खेळाडूंमध्ये घेतलं. पुढच्या मोसमात इंग्लंडची टीम भारतात आली तेव्हा कप्तान सीकेच होते. मुंबईच्या टेस्टमध्ये लाला अमरनाथ यांनी भारताचं पहिलं टेस्ट शतक केलं, तेव्हा दुसऱ्या बाजूला सीके उभे होते. दोघांनी मिळून १८६ धावा जोडल्या.

एवढं सगळं होऊनही १९३६ च्या इंग्लंड दौऱ्याला कप्तानपद गेलं विजयानगरमच्या महाराजकुमारांकडे, म्हणजे विझींकडे. विझींची बॅटिंग यथातथाच, पण त्यांच्याकडे पैसा आणि ओळखी भरपूर होत्या. सीके त्यांच्या हाताखाली खेळले. ओव्हलच्या टेस्टमध्ये गबी अॅलनचा बॉल छातीवर बसला, ते कळवळले, पण मैदान सोडलं नाही. ८१ धावा करूनच परतले. ती त्यांची शेवटची टेस्ट. एकूण ७ टेस्ट आणि ३५० धावा. आकडे बघून हा माणूस कळत नाही तो असा. भारताला टेस्ट खेळायला मिळाली तेव्हा सीके छत्तीस वर्षांचे झाले होते.

इथे एखाद्याने बॅट ठेवून दिली असती. पण सीकेंची खरी टीम अजून उभी राहायची होती.

१९३४-३५ मध्ये रणजी ट्रॉफी सुरू झाली. धर्माऐवजी प्रांताच्या टीम असलेली ही पहिली मोठी स्पर्धा. सीकेंची टीम होती सेंट्रल इंडिया, म्हणजे माळव्याच्या आसपासच्या संस्थानांची मिळून झालेली.

दुसरीकडे मुंबईची धर्माच्या टीमची स्पर्धाही चालूच होती, पण तिला उतरती कळा लागली होती. १९३० ते १९३३ ती सविनय कायदेभंगाच्या वातावरणात झालीच नाही. १९३७ मध्ये पाचवी टीम आली आणि चौरंगीची पंचरंगी झाली, तर त्याच वर्षी हिंदू जिमखान्याने नव्या ब्रेबॉर्न स्टेडियममधल्या जागांच्या वाटपावरून आपली टीमच काढून घेतली. टीम स्पर्धा सोडणार, टीम परत येणार, या चर्चा तेव्हाच्या मुंबईतही तितक्याच रंगायच्या. १९४० मध्ये गांधीजींनी धर्माच्या नावाने टीम करायला उघड विरोध केला. १९४६ मध्ये ही स्पर्धा कायमची थांबली.

आता रणजीकडे सगळ्यांचं लक्ष होतं. आणि १९४१ मध्ये सेंट्रल इंडियाच्या जागी नवी टीम आली. तिचं नाव होळकर.

तेव्हाचे महाराज यशवंतराव होळकर यांना ट्रॉफी हवी होती आणि ती आणणारा माणूस त्यांच्या पदरी होता. मग ठिकठिकाणचे खेळाडू इंदूरला येऊ लागले. मुश्ताक अली इंदूरचेच. चंदू सरवटे सागरचे, ते आधी महाराष्ट्राकडून खेळलेले. भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे, तेही महाराष्ट्र आणि बडोदा करून आलेले. सीकेंचे धाकटे भाऊ सीएस नायडू बडोद्याहून आले. या सीएसनी तर पुढे बंगाल, आंध्र आणि उत्तर प्रदेशचीही टोपी घातली.

हे एकट्या होळकरांचं नव्हतं. सांगलीचे विजय हजारे आधी महाराष्ट्राकडून खेळले, मग देवासच्या महाराजांकडे आणि तिथून बडोद्याच्या गायकवाडांकडे गेले. जिथे नोकरी, तिथली टीम. त्यात कुणाला गद्दारी वाटत नव्हती, कारण दुसरा पर्यायच नव्हता.

आणि विभागांची गंमत बघा. भारताच्या पोटात असलेलं इंदूर रणजीमध्ये पूर्व विभागात टाकलेलं होतं. होळकर टीम बंगाल, बिहारशी खेळून पुढे यायची. पॅसिफिकच्या काठावरचं स्टॅनफर्ड अटलांटिक गटात गेलं म्हणून लोकं २०२४ मध्ये हसली. आपल्याकडे हे ऐंशी वर्षांपूर्वीच झालं होतं.

सीके कप्तान म्हणून फार कडक. वेळेवर या, कपडे नीट घाला, फिटनेस राखा. लागलं, दुखलं असलं रडगाणं त्यांना चालायचं नाही. पन्नाशीकडे झुकलेला कप्तान स्वतः सगळ्यांच्या आधी मैदानावर असायचा, त्यामुळे पोरांना कारणं द्यायची सोयच नव्हती.

या टीमने काय केलं ते ऐका.

१९४४-४५ ते १९५४-५५ या ११ मोसमांत होळकर टीमने रणजीची फायनल १० वेळा गाठली. त्यातल्या चार वेळा ट्रॉफी इंदूरला आली. १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३.

१९४४-४५ ची मुंबईविरुद्धची फायनल तर कादंबरी शोभेल अशी. दुसरं महायुद्ध चालू होतं. इंग्लंडचा स्टार बॅट्समन डेनिस कॉम्प्टन सैन्यात होता आणि त्याची नेमणूक इंदूरजवळच्या महूला झाली होती. होळकरांनी त्यालाही टीममध्ये घेतलं. सीएस नायडूंनी त्या सामन्यात दोन्ही डावांत मिळून १५२.५ ओव्हर टाकल्या. एका सामन्यात एकाच बॉलरने ९१७ बॉल. शेवटच्या डावात कॉम्प्टनने नाबाद २४९ केल्या, तरी होळकर हरले.

कॉम्प्टन पुढे एक किस्सा सांगायचा. इंदूरच्या एका व्यापाऱ्याने त्याला शतकानंतरच्या प्रत्येक धावेमागे रोख पैसे द्यायचं कबूल केलं होतं. कॉम्प्टन धावा करत राहिला, मनातल्या मनात हिशोब करत राहिला, आणि परत येऊन बघतो तर व्यापारी कामानिमित्त कलकत्त्याला निघून गेलेला.

पुढच्या मोसमात होळकरांनी सगळी कसर भरून काढली. म्हैसूरविरुद्ध सेमीफायनलला त्यांनी ८ बाद ९१२ धावा केल्या. एकाच डावात सहा जणांची शतकं. त्यातलं एक सीकेंचं. फायनलला बडोद्याविरुद्ध सीकेंनी २०० धावा केल्या, तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठलेली होती. होळकरांनी पहिल्यांदा ट्रॉफी उचलली.

बडोद्याने पुढच्याच वर्षी वचपा काढला. फायनलला होळकरांविरुद्ध विजय हजारे आणि गुल महंमद यांनी ५७७ धावांची भागीदारी केली. दोन मराठी संस्थानांच्या टीममधली ही चुरस त्या काळी मुंबईच्या वर्चस्वाला पुरून उरत होती.

१९५१-५२ च्या फायनलला समोर मुंबई. सीके ५६ वर्षांचे. दत्तू फडकर यांचा एक बाउन्सर थेट तोंडावर बसला, दात पडले. सीकेंनी ते बाजूला सारले, उपचाराला नकार दिला आणि खेळ पुढे चालू ठेवला. त्या डावात त्यांनी ६६ धावा केल्या.

पण मैदानावर टीम जिंकत होती तेव्हा मैदानाबाहेर तिचा पायाच निघून चालला होता.

देश स्वतंत्र झाला. १९४८ मध्ये होळकर संस्थान मध्य भारत संघात विलीन झालं. ना राज्य राहिलं, ना फौज. क्रिकेटमध्ये होळकर हे नाव अजून काही वर्षं तग धरून राहिलं. ज्या राज्याच्या नावाने टीम खेळत होती ते राज्यच नकाशावर नव्हतं, आणि तरी ती फायनलमागून फायनल गाठत होती. १९५४-५५ मध्ये मद्रासविरुद्धची फायनल हरली आणि होळकर नावाची ती शेवटची फायनल ठरली. पुढच्या मोसमापासून टीमचं नाव मध्य भारत झालं आणि नंतर मध्य प्रदेश.

राजाश्रय गेला तसे खेळाडूही पांगले. कुणी रेल्वेत गेलं, कुणी दुसऱ्या राज्यात.

आणि सीके? १९५३ मध्ये आंध्र हे नवं राज्य तयार झालं. त्याच मोसमात आंध्रची टीम पहिल्यांदा रणजीत उतरली, आणि तिचं नेतृत्व करायला गेले अठ्ठावन्न वर्षांचे सीके. घरची भाषा तेलुगू, पण आंध्रच्या टीमशी नातं जुळायला आयुष्याची संध्याकाळ उजाडली होती. १९५६-५७ मध्ये ते उत्तर प्रदेशकडून रणजी खेळले. आपल्याकडे ज्या वयात मुलं आईवडिलांची साठीशांत करतात, ते वय ओलांडून सीके पॅड बांधून मैदानात उतरत होते. तिथेही त्यांनी अर्धशतक केलं.

१९५६ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. त्यांनी निवड समितीतही काम केलं. १९६३-६४ मध्ये एका मदतनिधीच्या सामन्यात ते महाराष्ट्राच्या राज्यपालांच्या टीमकडून खेळले, वयाच्या ६८ व्या वर्षी. १९१६ पासून मोजलं तर फर्स्ट क्लास क्रिकेटमधली त्यांची कारकीर्द सहा दशकांना स्पर्श करते.

१४ नोव्हेंबर १९६७ ला इंदुरात त्यांचं निधन झालं.

आता हिशोब मांडून बघा. सीके ज्या हिंदू टीमकडून पहिल्यांदा खेळले ती राहिली नाही. सेंट्रल इंडिया राहिली नाही. होळकर राहिली नाही. ज्या फौजेने त्यांना कर्नल केलं ती फौजही राहिली नाही. अशा माणसाला तुम्ही कुठल्या टीमशी इमान राखलं असं विचारायचं झालं, तर ते कुणाशी मोजायचं?

सीकेंनी टीम बदलली ती हौस म्हणून नाही. नागपुरात राहून त्यांना जे मिळालं नसतं ते इंदुरात मिळालं, म्हणजे महिन्याचा पगार आणि सरावाला वेळ. त्या आधारावर त्यांनी एक टीम उभी केली, तरुण पोरं घडवली आणि मुंबईशिवायही ट्रॉफी जिंकता येते हे दाखवून दिलं. विदर्भ १९५७-५८ पासून रणजीत आला आणि २०१७-१८ मध्ये पहिल्यांदा जिंकला. होळकरांचा वारसा सांगणारी मध्य प्रदेशची टीम जिंकली २०२२ मध्ये, मुंबईलाच हरवून. म्हणजे सीकेंच्या जन्मगावाला आणि कर्मभूमीला, दोघांनाही आज आपापली ट्रॉफी आहे.

बीसीसीआय सीकेंच्या नावाने तरुण खेळाडूंची स्पर्धा घेते. कर्नल सी. के. नायडू ट्रॉफी. आज ती २३ वर्षांखालच्या पोरांसाठी आहे. संभाजीनगरचा एखादा पोरगा रणजीच्या उंबरठ्यावर पोहोचतो तेव्हा त्याला बहुतेक वेळा याच स्पर्धेतून पुढे जावं लागतं, महाराष्ट्राची टोपी घालून. नागपूरचा पोरगा तिथेच विदर्भाची टोपी घालून येतो आणि इंदूरचा मध्य प्रदेशची.

त्यातल्या एखाद्याला आपल्या टीममध्ये जागा मिळणार नाही. तो दुसऱ्या राज्यात संधी शोधेल, आपल्या संघटनेकडे परवानगीचा अर्ज करेल आणि ती बातमी तुमच्या मोबाइलवर येईल. तेव्हा कमेंट करण्याआधी एवढं आठवा, ज्याच्या नावाच्या स्पर्धेत तो पोरगा खेळला, त्यानेही कधीकाळी आपलं गाव सोडून दुसऱ्या टीमची वाट धरली होती.